सहलीला न नेणारे सभापती

आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; एवढ्यावर कुणाविषयी लिहायचा हक्क मिळत नाही. पण सुभाषभाऊ आमचे शेजारी, म्हणून धाडस करतो.

भाऊ आमच्या पंचायत समितीचे सभापती. कार्यालयातल्या खुर्चीवर ते मांडी घालून बसतात. कारण त्यांचे वडील, आबा. आबांचं नाव पारोळ्यापासून जामनेरपर्यंत. त्यामुळे येणारा प्रत्येकजण आधी भाऊंचे पाय धरायला वाकतो. "पाय आबांचे धरा. माझ्याकडचं काम सांगा," हे भाऊंचं ठरलेलं वाक्य.

एक म्हातारबाबा तर पाय शोधत टेबलाखाली शिरले. भाऊंनी दचकून टेबलाला रेटा दिला, चाकांची खुर्ची थेट भिंतीला.

"बाबा, काम काय शे?"

"काम काई नई. आबास्ना पोऱ्या दखाले उनू."

नुसता आबांचा मुलगा बघायला आले होते! बाजूला बसलेला मी हसलो. भाऊ हसले नाहीत.

मग भाऊंवर अविश्वास ठराव आला. विरोधकांनी सदस्यांना बसमध्ये घालून थंड हवेच्या ठिकाणी नेलं. आबा म्हणाले, "तू बी चार जण उचल, फिरवून आण."

"आबा, माणसं म्हणजे कापसाच्या गासड्या नाहीत."

त्या दिवसापासून आबांनी बोलणं टाकलं. एकाच घरात दोघांची ताटं वेगळी. मतदानाच्या सकाळी भाऊ न जेवताच निघाले, सोबत मी. गाडीत सारखा फोन बघत होते. मला म्हणाले, "पद गेलं तर जाऊ दे रे. आबा बोलले पाहिजेत."

सभागृहाच्या जिन्याखाली बस लागली. सदस्य नव्या टोप्या, काळे चष्मे घालून उतरले. एकजण भाऊंच्या कानाशी आला. "भाऊ, राग धरू नका. थंडी मस्त होती."

"सर्दी नाही ना झाली?" भाऊंनी विचारलं. खरंच काळजीनं.

मी खिडकीशी उभा होतो. हात वर झाले. अधिकारी मोजत होते, आणि मीही बोटांवर मोजत होतो. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं: ठराव मंजूर.

भाऊंनी सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले. पाणी मागितलं. ग्लास तसाच कठड्यावर ठेवला. पुन्हा फोन काढला, बघितला, खिशात ठेवला.

तेवढ्यात ड्रायव्हर जिना चढून धापा टाकत आला.

"भाऊ, आबा उनात. खाले उभा शेतस, हातमा डबा शे. म्हनतस, पोऱ्यानी सकायपाईन काई खायेल नई."