गणितातल्या गर्वाबाबत

ख्रिस्ती विद्यापीठाच्या गणित विभागात गर्व बोकाळल्याचे कुलसचिवांच्या निदर्शनास आले, ते एका उत्तरपत्रिकेमुळे. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मूळ संख्या कधीच संपत नाहीत असे दाखवून खाली लिहिले होते : 'हेच सिद्ध करायचे होते.' कुलसचिव इतिहासाचे. एवढा ठामपणा त्यांनी आजवर फक्त लढाया हरणाऱ्या राजांमध्ये पाहिला होता.

त्यांनी परिपत्रक काढले. पूर्ण ज्ञान एका परमेश्वरालाच असते. सबब, प्रत्येक निष्कर्षाआधी 'बहुधा' लिहावे, अन्यथा नम्रतेचे गुण कापले जातील.

वर्ग समंजस होता. बघता बघता नम्र झाला. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज साधारण एकशे ऐंशी अंश भरू लागली. मागच्या बाकावरच्या एकाला गणिताचा गंधही नव्हता. 'माझ्या अल्पमतीला काहीच सुचत नाही' एवढेच लिहून तो वर्गात पहिला आला.

ती विद्यार्थिनी मात्र नापास झाली. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीतली तिची नोकरी निकालावर अडली होती. तिची आई इस्पितळात परिचारिका. तिने फोनवर समजूत घातली.

"लिही ना बाई 'बहुधा'. एका शब्दानं काय आभाळ कोसळतंय?"

"आई, इंजेक्शन देताना तू म्हणतेस का, औषध बहुधा हेच आहे?"

"पेशंटला ऐकू जाईल असं नाही म्हणत," आई सावधपणे म्हणाली.

मुलीने अपील केले. समितीत कुलसचिव, गणिताचे विभागप्रमुख आणि प्रार्थनामंदिराचे वृद्ध फादर होते.

"मूळ संख्या संपतच नाहीत म्हणतेस," कुलसचिव म्हणाले. "शेवटपर्यंत मोजून आलीस?"

"शेवटच नाही, सर. तेच तर दाखवलंय."

"बघा, उलट उत्तर!" ते विभागप्रमुखांकडे वळले. "सिद्धता बरोबर आहे का हो?"

"माझं पेन्शनचं काम चालू आहे," विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत म्हणाले.

फादर खुर्चीत पुढे सरकले. "अहो, माझीसुद्धा श्रद्धा कधीकधी डळमळते. तेव्हा मी भूमितीचं एखादं प्रमेय सोडवत बसतो. तेवढं तरी जागच्या जागी असतं. ते कशाला हलवताय?"

फादरांच्या बोलण्यात गर्व आढळल्याची नोंद झाली. त्यांना नम्रता-प्रशिक्षणास पाठवण्याचे ठरले. प्रशिक्षण अर्थातच कुलसचिव देत असत.

मुलीने डोळे पुसून विचारले, "सर, हा नियम नक्की आहे?"

"शंभर टक्के!"

"मग त्यात 'बहुधा' कुठंय?"

कुलसचिवांनी घाम पुसला आणि नियम दुरुस्त केला : 'बहुधा' लिहिणे बहुधा बंधनकारक आहे. मग बाकीचे नियम तरी गर्विष्ठ का ठेवायचे? वर्ग बहुधा दहाला भरू लागले. ग्रंथालय बहुधा उघडे असे. आपल्याला पेन्शन बहुधा मिळेल हे कळताच विभागप्रमुख आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे ओरडले.

मुलीलाही पदवी मिळाली. शेरा : 'बहुधा उत्तीर्ण'.

ती मान खाली घालून लिफ्टच्या कंपनीत गेली. शेरा वाचून तिथल्या साहेबांचा चेहरा खुलला. "अशीच माणसं हवीत! ठाम बोललं की जबाबदारी येते."

पहिलेच काम मोठ्या इमारतीच्या लिफ्टचे. तिने दोर, मोटार, वजन सगळे हिशेबात धरले, पुन्हा पुन्हा तपासले आणि पाटीचा मजकूर दिला : 'आठ माणसे. नववे नको.' साहेबांनी पुढे 'बहुधा' जोडून पाटी लावली. ती भांडली, हरली आणि लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी स्वतःच दाराशी जाऊन उभी राहिली.

आठ जण आत शिरले. एवढ्यात, वाचकहो, आपण घाईघाईने आलात. तिने हात आडवा धरला. "अहो, नका जाऊ. दोराला पेलणार नाही. मी मोजलंय."

आपण पाटी वाचलीत, तिच्याकडे पाहून समजूतदारपणे हसलात, तिच्या हाताखालून आत शिरलात आणि वजन कमी व्हावे म्हणून पोट आत ओढून घेतलेत.