सरोदे काकांनी नापास केलेला बर्फ

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात पेनाऐवजी लाटणं आलं. माझी पोळी गोल येते, अक्षर येत नाही. पण सरोदे काकांबद्दल तोंडाने बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सरोदे काकांना सकाळी कुणी जय भीम घातला, तर उलट जय भीम म्हणायच्या आधी ते बर्फ सांगतात. "वर रातच्याला अर्धा फूट पडलाय. पण वला हाय. घसरायला उपेगाचा न्हाई."

वर म्हणजे हिमालयात, जिथे लोक पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरतात त्या गावात. आणि आम्ही कुठे, तर चाकणजवळच्या कुरुळीत, पत्र्याच्या खोल्यांच्या गल्लीत. मार्चमध्येच इथे दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो. समोरून कंपन्यांचे कंटेनर जातात, धुरळा उडतो, आणि त्या धुरळ्यात बनियनवर उभे राहून काका आकाशाकडे बघत म्हणतात, "उद्या वर ऊन हाय. बर्फाला पापडी धरणार."

काकांची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत माल तपासण्यात गेली. गाड्यांचे सुटे भाग यायचे, काका मोजायचे, चांगला असेल तर ओके, नाहीतर रिजेक्ट. कंपनीने निवृत्त केलं, पण ते निवृत्त झालेच नाहीत. वडापाववाल्याला त्यांनी दोन वडे शेजारी ठेवून दाखवले, "यात फरक हाय बघ. सेटिंग हाललंय तुझं." जावयाला बघायला गेले तेव्हा त्याला म्हणे उभं करून मागून पुढून बघितलं. लग्न झालं, पण आजही जावयाचा विषय निघाला की म्हणतात, "चालवून घेतला."

अशा माणसाच्या हाती मोबाईल आला. कमलमावशी, म्हणजे त्यांची बायको, एकदा टीव्हीवर ते घसरणारे लोक बघून पोट धरून हसली. एक जाड बाई बर्फात बसकण मारून तशीच खाली गेली होती. मावशी म्हणाली, "अहो, मला एकदा आसं घसरायचंय." दुसऱ्या दिवसापासून काकांनी मोबाईलवर त्या गावचं हवामान बघायला सुरुवात केली. थर किती, वारा किती, लोकांना वर नेणारा दोरीवरचा पाळणा चालू की बंद, सगळं. आणि महिन्याभरात गल्लीत जाहीर केलं, की आपण सगळे मिळून बर्फ बघायला जायचं. ज्याला यायचंय त्याने पैसे त्यांच्याकडे जमा करायचे, बर्फ चांगला पडला की निघायचं.

सात घरांनी पैसे दिले. मीही दिले. मेसवर पोळ्या लाटून साठवलेले होते. दिवसभर तव्यापुढे उभी असते, एकदा तरी गार वाटावं एवढीच माझी इच्छा.

पहिला हिवाळा आला. आम्ही बॅगा काढल्या. काका म्हणाले, "खालचा थर चार फूट पायजे, साडेतीनच हाय. मायनसमध्ये गेलाय. रिजेक्ट."

शेजारचा राजू कंपनीतून रजा टाकून आला होता. तो म्हणाला, "काका, बर्फ बघायला चाललोय का पोरगी? अर्धा फूट कमी तर कमी, राव."

"भावा, एकदा माल गेटच्या भाईर पडला की परत येत न्हाई. घाई करू नगं."

पुढच्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की थर मापाच्या वर, प्लसमध्ये गेला. रिजेक्ट. मग पाऊस पडून बर्फ भिजला. रिजेक्ट. मग वारा. एकदा सगळं जुळलं होतं, तर काकांना पाळण्याच्या दोरीचा रंग आवडला नाही. फोटोत दोरी गंजकी दिसते म्हणाले.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. कोपऱ्यावरच्या शांताबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "बर्फ न्हाई गं वितळत तिकडं. पैशे वितळले." सगळ्या हसल्या. खरं सांगते, मीही हसले. त्या माणसाने नवा पंखा आणला तरी आम्ही एकमेकींकडे बघायचो.

या वर्षी राजूने काकांवर विसंबून राहायचं सोडलं. जानेवारीतल्या एका रविवारी तो स्वतःचा मोबाईल घेऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने वाचायला लागला. "थर चार फूट. ताजा बर्फ, कोरडा. आठवडाभर स्वच्छ ऊन. वारा नाही. पाळणा चालू. घ्या काका, तुमच्याच मापाचा माल आलाय. आता बोला."

सगळे दारात आले. काकांनी मोबाईल हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "फोटो जुना दिसतोय. रिजेक्ट."

राजू ओरडला, "अहो, फोटो आत्ताचा आहे! तारीख बघा!"

"तारखेचं काय सांगतो? तारखा आमी बी टाकायचो डब्यावर."

मग शांताबाई पुढे आल्या. कमरेवर हात ठेवून तोंडावर म्हणाल्या, "चोर हाय हा म्हातारा. पैशे खाल्ल्यात आमचे."

मला वाटलं, आता काका शांताबाईंची लांबी-रुंदी काढणार. पण जो माणूस वड्यावर अर्धा तास बोलायचा, त्याने नुसता मोबाईल राजूला दिला आणि आत गेला. आतून कमलमावशीचा आवाज आला. ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ओरडत होती. "कवा नेणार मला? मेल्यावर? तिथं माझी राख घसरवणार का?"

दुपारी मावशीने मला बाजरी निवडायला बोलावलं. काका बाहेर गेले होते. मावशी चार दाणे निवडायची आणि थांबून श्वास घ्यायची. तसा तो श्वास बरेच दिवस चालू होता, पण मावशीसारख्या जाड बाईला धाप लागतेच म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

"लता," ती म्हणाली, "तुला सांगते, कारण तू कुणाला सांगायची न्हाईस. तुला चारचौघांत बोलताच येत न्हाई."

पैसे गोळा झाल्यावर थोड्याच दिवसांनी मावशीला डॉक्टरकडे नेलं होतं. हृदय मोठं झालंय, असं निघालं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, यांना उंचावर आणि थंडीत नेऊ नका. तिथली हवा पातळ असते, जीव जाईल.

"त्यांना वाटतं मला म्हाईत न्हाई. मी पडद्यामागं वजनकाट्यावर उभी व्हते. कानाला काय झालंय माझ्या?"

मी विचारलं, मग त्यांना शिव्या का घालता?

"घातल्या न्हाईत तर त्यांना कळंल ना, मला कळलंय म्हणून. मग बसतील रडत. त्यापरीस बर्फाला नावं ठिवत्यात ते बरं हाय. तुमी सगळे बॅगा घेऊन निघालात आन मी दारात उभी ऱ्हायले, हे त्यांच्यानं बघवायचं न्हाई." मग सूप आपटून म्हणाली, "पण आज चोर म्हणली ना ती. आता बास."

संध्याकाळी नळावर गर्दी असताना मावशी धापा टाकत बाहेर आली आणि सगळ्यांसमोर काकांना म्हणाली, "ऐका हो. मला न्हाई यायचं तुमच्या बर्फाला. कट्टाळा आला मला त्याचा. एवढं लांब जाऊन बसकण मारायची, ती मी हितं बी मारते. ज्याचे त्याचे पैशे दिऊन टाका."

सगळे हसले. काका हसले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले. थर मोजायचा असतो तसे नाही, नुसतेच बघत राहिले. मग विचारलं, "नक्की?"

"नक्की. गुडघं दुखत्यात माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पैसे परत करत घरोघरी फिरले. सहलीसाठी ठरवलेल्या गाडीवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम बुडाली होती. ती त्यांनी स्वतःची घातली, हे मावशीकडून कळलं. शांताबाईंनी त्यांच्यासमोर थुंकी लावून दोनदा मोजले. त्या पैशांचा त्यांनी पुढे सोफा घेतला. बर्फ बघायला आमच्या गल्लीतून कुणीच गेलं नाही, राजूसुद्धा नाही.

माझ्याकडे ते शेवटी आले. मी हात पुढे करून पैसे तसेच पदरात बांधायला लागले, तर रागावले. "मोजल्याशिवाय घेऊ नगं, बाई."

मी मान खाली घालून मोजले. ते दारात उभे राहून माझ्या बोटांकडे बघत होते. पैसे पूर्ण होते.