मागे माणूस झोपलाय

रणपिसेकाका माणसं चेहऱ्याने नाही, क्लचने ओळखतात. खरंच सांगते. संध्याकाळी तळमजल्याच्या बाल्कनीत चहा घेऊन बसायचं, डोळे मिटायचे आणि गेटातून शिरणाऱ्या गाड्या नुसत्या ऐकायच्या. "हा मल्होत्रा. धाडकन सोडतो. बायकोशी भांडून आलाय." "ही वरची डॉक्टरीण. दमलीय बिचारी, गाडी सेकंडमध्येच रेटत आणली." आणि मग एकदम नाक वर करून, "अगं, वास आला का? कुणीतरी क्लचची प्लेट जाळतंय!" म्हणत काठी घेऊन बाहेर पळायचं.

त्या दिवशी प्लेट जाळणारी मी होते.

मी पुण्याची, ऑफिस गुरुग्रामला आणि राहते दिल्लीत, मुनिरक्याच्या सरकारी डीडीए फ्लॅट्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर. लायसन्स पुण्यातच काढलेलं, पण ते पाकिटात नुसतं पडून होतं. स्वतः चालवत पहाडात जायचं म्हणून मैत्रिणीची गाडी वीकेंडपुरती मागून आणली, आणि सोसायटीच्या गेटाच्या चढावर ती पुढे जाईना, मागे येईना, नुसती केकाटायला लागली. तेवढ्यात बनियनवर स्वेटर घातलेला पांढऱ्या मिशांचा एक माणूस आला आणि काचेवर टकटक करत ओरडला, "पैर हटाओ! पैर!"

"अगं आई गं!" माझ्या तोंडून निघालं.

त्यांचा चेहराच बदलला. "मराठी? मग तर पाय काढच. क्लच म्हणजे पायपुसणं नाही!"

मी पाय काढला. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

"हां," काका समाधानाने म्हणाले, "सुटली बिचारी."

अशी आमची ओळख. काकांचा जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची मराठी शाळा, नोकरी सरकारी, सगळी हयात सरोजिनी नगरच्या क्वार्टरात गेली आणि रिटायर झाल्यावर इथे आले. मराठी एकदम शुद्ध, पण चिडले की मधेच "अरे यार" आणि "बिल्कुल नहीं" घुसतं. मला नाव असूनही ते "ए पुणेकर" म्हणतात. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं निदान त्यांच्याकडे एकच. मल्होत्रांच्या मुलाचं लग्न कधीचं ठरलंय पण होत नाही. का? "हाफ क्लच. धड जोडत नाहीत, धड तोडत नाहीत. जळणारच."

कॅबवाले तर त्यांना बघून पळतात. डावा पाय क्लचवर ठेवून गाडी चालवणारा ड्रायव्हर दिसला की काका पहिल्या सिग्नलपर्यंत दम धरतात, मग लेक्चर सुरू. अ‍ॅपवर त्यांचं रेटिंग इतकं पडलंय की काकू स्वतःच्या फोनवरून कॅब बोलावतात. एकदा ऑटोमॅटिक गाडी आली. काकांनी पुढे वाकून खाली बघितलं, कितीतरी वेळ बघितलं, आणि फार मायेने विचारलं, "भैया, तुम्हारा बायाँ पैर दिन भर करता क्या है?"

तर हा माणूस दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणतो, "मी शिकवतो तुला. माझ्या गाडीवर."

मी उडालेच. त्यांची ती छोटी क्रीम रंगाची गाडी म्हणजे! मल्होत्रांचा कुत्रासुद्धा तिचा लांबूनच वास घेतो. मी लगेच इन्स्टावर स्टोरी टाकली, 'लवकरच पहाड!' पण पहिला आठवडा मला गाडी दिसलीच नाही. दिसलं ते काकूंचं पायाचं शिलाई मशीन.

"टाच जमिनीला. पंजाने दाब. मशीन उधळलं नाही पाहिजे, थांबलं नाही पाहिजे. सुईला कळता कामा नये की पाय बदलला."

"काका, पण मला गाडी—"

"हा पाय घेऊन? गाडीत? बिल्कुल नहीं."

म्हणजे मी ड्रायव्हिंग शिकायला गेले आणि उशीचा एक वाकडातिकडा अभ्रा शिवून परत आले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "यांचा पत्ता दे, मी हार पाठवते."

मग गाडी. तीही आधी अ‍ॅक्सिलरेटरशिवाय. पार्किंगच्या गल्लीत नुसता क्लच दाबायचा आणि सोडायचा. "सोड... सोड... अजून... थांब! ऐकलंस?"

"काय?"

"हुं म्हणाली ती. इंजिन हुं म्हणतं. तिथे थांबायचं, तिचं ऐकायचं, मग बाकीचा पाय काढायचा. हुं च्या आधी सोडलंस तर भांडण, हुं नंतर धरून बसलीस तर लाचारी."

शप्पथ, काही दिवसांनी मलाही ते हुं ऐकू यायला लागलं! बोनेट थोडंसं वर होतं, आवाज जरा खाली जातो, आणि गाडी तुमच्याशी सहमत होते. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. कुणालाच काही पडली नव्हती. अर्ध्या लोकांकडे ऑटोमॅटिक आहेत.

पण सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच होती. मी जरा आचका दिला की काका ओरडायचे नाहीत. उलट आवाज एकदम खाली आणायचे आणि कुजबुजायचे, "हळू. मागे माणूस झोपलाय."

मी पहिल्यांदा दचकून वळून बघितलं. मागची सीट रिकामी.

"कोण, काका?"

"पुढे बघ."

रोज तेच. गिअर करकरला, मागे माणूस झोपलाय. ब्रेकच्या आधी क्लच दाबला, मागे माणूस झोपलाय. माझी रूममेट म्हणाली, भूतबीत असेल, मुनिरका जुनं गाव आहे. मी हसले, पण मग आरशात बघायला जरा टरकायला लागले.

एकदा आउटर रिंग रोडच्या फ्लायओव्हरच्या चढावर जाममध्ये माझी गाडी बंद पडली. परत परत पडली. मागे एक भलीमोठी काळी एसयूव्ही, हॉर्नवर हात ठेवून झोपल्यासारखी. मला रडूच फुटलं. काका दार उघडून, काठी टेकत मागे गेले. मला आरशात दिसत होतं, तो धिप्पाड माणूस काच खाली करून हातवारे करतोय आणि काका शांतपणे खाली वाकून त्याच्या पायांकडे बघतायत. परत आले तेव्हा हॉर्न बंद होता.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, भाईसाहब, तुमचा पाय क्लचवर आहे. प्लेट जाईल, खर्च येईल. घाबरला. चल, हँडब्रेक ओढ. हुं आलं? आता हँडब्रेक सोड."

गाडी एक इंचही मागे न सरकता चढ चढली. मी आनंदाने किंचाळले. आणि तेव्हाच मला दिसलं की काकांचा डावा पाय त्यांच्या बाजूला, नुसत्या मॅटवर, माझ्याबरोबर क्लच दाबतोय. आणि दर वेळी दाबताना त्यांचे ओठ घट्ट मिटतायत.

काकूंना विचारलं. त्या नाताळच्या करंज्या करत होत्या, मला मुरड घालायला बसवलं होतं. (माझ्या करंज्याही आचका दिल्यासारख्याच होत होत्या.)

"गुडघा गेलाय त्यांचा, डावा. क्लच दाबला की कळ मस्तकात जाते. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितलीय."

"मग मला का शिकवतायत एवढं?"

काकूंनी हात पुसले. "रूथ येतेय ना नाताळला."

रूथ म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. कॅनडात असते, हे मला माहीत होतं. बाकीचं काकूंनी तेव्हा सांगितलं. लहानपणी ही पोरगी झोपायचीच नाही. पाळणा नको, अंगाई नको. मग काका ऑफिसातून आले की तिला गाडीत मागे टाकायचे आणि रिंग रोडवर निघायचे. चालवता चालवता गोष्ट सांगायचे, आणि ती मागून हुं, हुं करायची. हुं थांबलं की झोपली. मग गाडी घराकडे.

"आता नवऱ्यापासून वेगळी झालीय ती," काकू म्हणाल्या. "आम्हाला काही सांगत नाही. फक्त एकदा फोनवर म्हणाली, मम्मी, नींद ही नहीं आती. हे शेजारी बसून ऐकत होते. सकाळी उठून गाडी काढायला गेले, तर पहिल्याच क्लचला खाली बसले. रूथ म्हणते, पपा, विमानतळावरून मी कॅब करीन. यांना ते चालत नाही. त्याच आठवड्यात तू गेटावर प्लेट जाळत आलीस."

"म्हणजे काकांना माझ्यात टॅलेंट बिलंट काही—"

"तुझ्यात?" काकू इतक्या हसल्या की सारण सांडलं.

त्या दिवसानंतर मी आरशात बघायला घाबरले नाही. पण क्लचला मात्र घाबरायला लागले. पहाडबिहाड राहिलं बाजूला, मला एकच चिंता, तिला एक जरी आचका बसला तर? ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली माझा डावा पाय आपोआप वर-खाली व्हायचा.

आली. धुक्यामुळे विमानाला उशीर झाला, पण दुपारी ऊन पडल्यावर आली. उंच, काकांसारखंच नाक, आणि डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. मला वाटलं बापलेक मिठी बिठी मारतील. काकांनी फक्त ट्रॉली हातात घेतली.

"पपा, कॅब कर लेती मैं."

"गाडी आहे ना."

"आणि आप नहीं चला रहे?"

"ड्रायव्हर ठेवलीय. पुण्याहून मागवली." मग जरा थांबून म्हणाले, "बरी आहे."

बरी आहे! काकांच्या तोंडून! मी तिथेच नाचले असते, पण आधी गाडी काढायची होती. रूथ मागे बसली. तिथे उशी ठेवलेली होती, आणि उशीला माझा तो वाकडा अभ्रा. काका माझ्या शेजारी.

निघालो. पहिला. हुं. दुसरा. हुं. मी श्वास धरूनच चालवत होते. काका सरळ पुढे रस्त्याकडे बघत, जरा वेळाने, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मल्होत्राने नवी गाडी घेतली."

मागून आवाज आला, "हुं."

"ऑटोमॅटिक."

"हुं."

"तुझ्या मम्मीने करंज्या केल्यात. अर्ध्या हिने बिघडवल्या."

"हुं."

मग फ्लायओव्हरच्या चढावर जाम. तोच तो चढ. मी हँडब्रेक ओढला, पाय हळूहळू सोडला, थांबले, ऐकलं, हँडब्रेक सोडला. गाडी वर निघाली. शेजारी काकांचा पाय मॅटवर तस्साच दाबला जात होता.

"चर्चमध्ये यंदा तुझ्या शाळेतली ती जेनी कॉयरला आहे," काका म्हणाले. "जाडी झालीय."

मागून काहीच आलं नाही.

काकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांच्या बाजूचा सन-व्हायजर खाली केला, त्यातल्या छोट्या आरशात बघितलं, आणि बघतच राहिले. रूथचं डोकं त्या अभ्र्यावर कलंडलं होतं, तोंड उघडं, लहान मुलासारखं.

मुनिरका आलं. काकांच्या खिशात फोन वाजला, काकूंचा असणार, त्यांनी तो न बघताच घाईघाईने बंद केला. मी आमच्या वळणाचा इंडिकेटर दिला.

"सीधा चल," ते कुजबुजले. हे तेच काका, जे पेट्रोल वाचवायला प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करायला लावतात.

"काका, घर—"

"चिराग दिल्ली, कालकाजी, जिथे जाईल तिथे जाऊ दे." ते अजून त्या आरशातच बघत होते. "मागे माणूस झोपलाय."

मी इंडिकेटर बंद केला, चौथा टाकला आणि क्लचवरून पाय काढला.