चट्टेरावांच्या हाताचा गुण

एका जंगलात एक बिबट्या राहत होता आणि त्याला पळायचा कंटाळा आला होता.

बिबट्याला कधी पळायचा कंटाळा येतो का, असे विचारू नका. तुम्हाला शाळेचा येतो ना? मग झाले तर. रोज तेच. दबा धरून बसा, झेप घ्या, पळा, धापा टाका आणि हरीण टेकडीपलीकडे गेलेले बघा. या बिबट्याचे नाव चट्टेराव. आता त्यांचे वय झाले होते. पूर्वी ते मागे लागले की हरणांची दातखीळ बसे. हल्ली हरणे मागे वळूनसुद्धा बघत नसत.

"आज काय आणलंत?" बायको विचारायची. तिचे नाव चित्रा.

"खेकडे."

"कालही खेकडेच होते."

"हे वेगळे आहेत," चट्टेराव म्हणायचे आणि झोपून जायचे.

त्या जंगलाला अलीकडे शर्यतींचे वेड लागले होते. दर होळीनंतर पळसमाळावर मोठी शर्यत होई. पूर्वी प्राणी पळत ते मागे कोणीतरी लागले म्हणून. आता मागे कोणी नसताना पळू लागले, आणि त्यालाच सराव म्हणू लागले. चट्टेरावांना हा स्वतःचा अपमान वाटे. पण ते असो.

पळून पळून सगळ्यांचे पाय भरून येऊ लागले. मग जंगलात क्रीडा-मर्दन आले. म्हणजे मालिशच हो. पण मालिश तान्ह्या बाळांना करतात आणि ती कोणाची आजीही करते. आधी क्रीडा लावले की त्याचा अभ्यासक्रम होतो.

एके दिवशी चट्टेराव करवंदीच्या जाळीत दबा धरून बसले होते. समोर जांभळाच्या झाडाखाली एक लाकडी फळी मांडलेली होती. फळीला एका टोकाला तोंडापुरते भोक होते. शेजारी एक माकड हाताला तेल चोळत उभे होते. इतक्यात एक गुबगुबीत सांबर आले. स्वतःच्या पायांनी आले. फळीवर पालथे पडले, भोकात तोंड घातले, डोळे मिटले आणि म्हणाले, "जरा जोरातच दाबा."

चट्टेरावांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. प्राण्याला नेमके याच अवस्थेत आणण्यासाठी त्यांनी सगळा जन्म पळण्यात घालवला होता!

ते धावतच घरी गेले. "चित्रा, मी शिकणार."

"या वयात?"

"शिक्षणाला वय नसतं. एकदा शिकलो की बघ, जेवण आपणहून घरी येईल. येऊन आडवं पडेल."

चित्रेने कपाळाला हात लावला. पण खेकड्यांचा तिलाही वीट आला होता.

मर्दन विद्यालयाचे प्राचार्य होते कूर्मदास सर. कासव. सर जन्मात कधी पळाले नव्हते. त्यामुळे पळणाऱ्यांच्या पायांकडे ते अगदी निःपक्षपातीपणे बघू शकत.

"या क्षेत्रात का यावंसं वाटलं?" सरांनी विचारले.

"मला पहिल्यापासून खेळाडूंची आवड आहे," चट्टेराव म्हणाले. यात काही खोटे नव्हते.

सरांनी मान थोडी बाहेर काढली. "आमच्या संस्थेत कोण काय खातो हे विचारत नाहीत. आम्ही फक्त पात्रता बघतो. नखं मात्र कापावी लागतील."

"सगळी?"

"सगळी. ग्राहकाला ओरखडा उठला तर संस्थेचं नाव जातं."

घरी रडारड झाली. "कोयत्यासारखी नखं होती हो!" चित्रा म्हणाली. "आता शिकार कोण करणार?"

"तोवर तू आहेसच की."

म्हणजे चट्टेराव शिकू लागले आणि घर चित्रा चालवू लागली. उंदीर म्हणू नका, लावे म्हणू नका, मिळेल ते ती आणे. रात्री चट्टेराव स्नायूंची नावे पाठ करत आणि ती काट्यात फाटलेले पंजे चाटत बसे. शिकणाऱ्याच्या घरात असे कोणीतरी एक असतेच. त्याचे नाव प्रमाणपत्रावर नसते.

अभ्यासात मात्र चट्टेराव फार हुशार निघाले. बाकीचे विद्यार्थी आकृत्या बघून शिकत. चट्टेरावांना चव आठवली तरी पुरे.

"मांडीच्या मागच्या बाजूला काय असतं?" सर विचारत.

"लांब धाग्यांचा स्नायू असतो, सर. खालच्या टोकाला चिवट. वर जावं तसा मऊ."

"वा! असं कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही," सर म्हणत आणि पूर्ण गुण देत.

हाताचे काम अवघड गेले. सराव एकमेकांवरच करायचा असे. चट्टेरावांच्या वाट्याला एक रानडुक्कर आले. पहिल्याच दिवशी त्याच्या पाठीवर टपकन लाळ पडली. सरांनी गुण कापले. "ग्राहकावर तेलाशिवाय काहीही सांडता कामा नये."

आणि सगळ्यात कठीण होता पहिला नियम. अंगाला स्पर्श करण्याआधी विचारायचे, "हात लावू का?" समोरचा हो म्हणाला तरच पुढे. चट्टेरावांनी जन्मात कोणाला हे विचारले नव्हते. सुरुवातीला जीभच वळेना. पण सर पिच्छा सोडेनात. शेवटी सवय अशी जडली की ओढ्यावर खेकडा दिसला तरी ते विचारत, "हात लावू का?" खेकडा नाही म्हणे आणि निघून जाई.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी मुद्दाम एक साळिंदर फळीवर झोपवले. चट्टेरावांचे पंजे रक्ताळले, पण दर थोड्या वेळाने ते विचारत राहिले, "दाब कसा वाटतोय? कमी करू?" पहिला वर्ग मिळाला. प्रमाणपत्र सागाच्या पानावर होते आणि खाली सरांच्या पायाचा ठसा होता. चट्टेरावांनी गुहेबाहेर फळी मांडली, वर ते पान टांगले आणि जेवणाची वाट बघत बसले.

दुसऱ्याच दिवशी कुंदा आली.

कुंदा ही चितळाची पोर. पळसमाळावर तिच्याइतके वेगाने कोणी पळत नसे. पण शर्यत तोंडावर आली आणि तिचा मागचा पाय आखडला. ती लंगडतच आली. कळपातल्या म्हाताऱ्या मावशीने तिला वाटेत अडवले होते. "कुंदे, अगं तो बिबट्या आहे."

"मावशी, तो शिकलेला आहे," कुंदा म्हणाली होती.

तिने पानावरचा ठसा नीट बघितला. विद्यालयात शिकवल्याप्रमाणे चट्टेरावांनी चौकशी केली. "पूर्वी कधी दुखापत?"

"हो काका. मागच्या वैशाखात, ओढ्यापाशी. याच पायाला."

"कशानं झाली?"

"तुम्हीच मागे लागला होतात."

"असं, असं," चट्टेराव म्हणाले. "आता आडवी हो. हात लावू का?"

"हो."

कुंदा पालथी पडली. भोकात तोंड घातले. मान उघडी होती, लुसलुशीत, कोवळी. चट्टेरावांनी आजूबाजूला बघितले. कोणी नव्हते. खेकड्यांचे दिवस संपले होते. त्यांनी एक पंजा तिच्या मांडीवर ठेवला आणि तोंड मानेकडे नेऊ लागले.

आणि पंज्याखाली गाठ लागली.

सुपारीएवढी गाठ होती, मांडीच्या मागे, बरोबर पुस्तकात दाखवली होती तिथे. चट्टेराव थांबले. आधी गाठ सोडवू, मग खाऊ, असे त्यांनी ठरवले. गाठ सापडली आणि सोडवली नाही, हे त्यांच्या शिकलेल्या हाताला सोसवेना. ते दाबू लागले. हळूहळू, हृदयाच्या दिशेने, श्वास सांभाळून. शेवटी गाठ सैल पडली. कुंदा म्हणाली, "आई गं, किती बरं वाटलं!"

चट्टेरावांच्या पंज्याखाली आजवर पुष्कळ हरणांनी आवाज काढले होते. हा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

"परवा पुन्हा ये, बाळ," ते म्हणाले. "अजून थोडं काम बाकी आहे."

कुंदा टुणकन उठली. हिरव्या गवताची एक पेंडी दक्षिणा म्हणून ठेवली आणि चार उड्यांत दिसेनाशी झाली. चट्टेराव बघत उभे राहिले. पळून जाणारे हरीण बघून त्यांना आनंद झाला, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

"काय मिळालं?" चित्रेने विचारले.

चट्टेरावांनी गवत पुढे केले.

चित्रेने गवताकडे बघितले. मग नवऱ्याकडे बघितले. ती काहीच बोलली नाही. मुलांनो, आई ओरडते तेव्हा घाबरू नका. बोलायची थांबते तेव्हा घाबरा.

"चित्रा, तिला बरं वाटलं गं," चट्टेराव म्हणाले. "शर्यत ती जिंकणार बघ. माझ्या हातानं जिंकणार." आणि उपाशी पोटी गाढ झोपले.

दोन दिवसांनी विद्यालयात चट्टेरावांचा सत्कार होता. निघताना ते म्हणाले, "कुंदा येईल. मी दुपारपर्यंत येतो. तोवर तिला बसवून ठेव."

"ठेवते," चित्रा म्हणाली.

कुंदा आली. आता ती लंगडत नव्हती. "काकू, काका नाहीत?"

"सत्काराला गेलेत. पण तू ये, आडवी हो."

"तुम्हालाही येतं?"

"घरात रोज तेच चालायचं. ऐकून ऐकून मलाही येतं. मी बाहेरून बसले होते परीक्षेला."

कुंदाने वर बघितले. सागाचे पान जागेवर होते. ठसाही होता. प्रमाणपत्र कोणाचे आहे हे विचारणे तिला बरे दिसले नाही. एकाच घरचे तर आहेत. ती फळीवर पालथी पडली आणि भोकात तोंड घातले. भोकातून जमीन दिसत होती आणि जमिनीवर काकूंचे पंजे.

"काकू, तुमची नखं कापायची राहिलीत."

"हो गं, कामातून सवड कुठे मिळते! आणि बघ, विचारायचंही राहिलंच," काकू म्हणाल्या. "हात लावू का?"

कुंदा चांगल्या वळणाची होती. ती म्हणाली, "हो."

पुढचे सांगायला मला आवडत नाही. मला कुंदा आवडायची. शर्यतीत मी तिच्याच बाजूने होतो. पण गोष्ट माझ्या हातात असली तरी पंजे माझ्या हातात नाहीत.

दुपारी चट्टेराव शाल पांघरून, हातात नारळ घेऊन आले. पळसाच्या पानावर जेवण वाढलेले होते. किती दिवसांनी! ते लगबगीने बसले, आणि बघतच राहिले. लांब धाग्यांचा स्नायू. खालच्या टोकाला चिवट, वर जावे तसा मऊ. गाठीची जागा त्यांनी ओळखली. गाठ नव्हती. ती त्यांनीच सोडवली होती.

"खा ना," चित्रा म्हणाली. "उगीच इतके दिवस मी बोल लावत होते तुम्हाला. इतकं मऊ मांस जन्मात खाल्लं नव्हतं. तुमच्या हाताला गुण आहे हो!"

चट्टेराव रडले. अगदी खरे रडले, शाल भिजेपर्यंत. पण सकाळपासून पोटात नारळाच्या पाण्याशिवाय काही नव्हते. त्यांनी डोळे पुसले, पान पुढे ओढले आणि सवयीने विचारले, "हात लावू का?"

कोणी नाही म्हणाले नाही.

त्या वर्षी शर्यत एका सशाने जिंकली. कूर्मदास सरांनी विद्यालयाच्या दारावर लिहवून घेतले, "आमच्या विद्यार्थ्याची पहिली ग्राहक इतकी बरी झाली की पुन्हा आलीच नाही." ते वाचून चट्टेरावांच्या गुहेबाहेर रांग लागली. म्हातारी मावशी पहिली होती. तिचे गुडघे फार दुखत होते.

तात्पर्य : मुलांनो, मन लावून शिकावे. शिकलेले कधी वाया जात नाही. आपल्याला नाही, तरी घरच्यांना उपयोगी पडते.