सोनकी भेकर आणि ‘ती’चा रकाना

एका जंगलात एकच डोह होता. मुलांनो, नीट मांडी घालून बसा. गोष्ट छोटी आहे आणि हिच्यात राक्षस नाही.

उन्हाळ्यात ओढे आटले की वरच्या माळावरून गवे त्या डोहावर येत. खालच्या झाडीतून रानडुकरे येत. दोघांनाही पाणी आधी हवे असे. मग धुमश्चक्री होई. गव्यांचे फारसे काही बिघडत नसे. डुकरांचेही नसे. जे मरायचे ते मधे सापडलेले मरायचे.

मागच्या उन्हाळ्यात सोनकीचे पाडस मधे सापडले.

सोनकी जातीने भेकर. भेकर म्हणजे हरणाच्या कुळातले, अंगाने लहान, पण आवाजाने मोठे. संकट दिसले की ते कुत्र्यासारखे भुंकते. त्या दिवशी सोनकी भुंकली नव्हती. कारण गवे काही वाघ नव्हेत, त्यांच्यासाठी कशाला भुंकायचे, असे तिला वाटले होते.

दुसऱ्या दिवशी ती डोहाच्या काठावर, त्याच जागी जाऊन उभी राहिली. भाषण केले नाही. गव्यांतली एक म्हातारी तिच्याजवळ आली आणि बराच वेळ शेजारी उभी राहिली. तिचेही एक वासरू याच चिखलात गेले होते, पण ते फार वर्षांपूर्वी. मग डुकरांमधली एक लेकुरवाळी आली. तिघींचे काय बोलणे झाले ते कोणी लिहून घेतले नाही.

मात्र त्या दिवसापासून पाळी सुरू झाली. सोनकी एकदा भुंकली की गव्यांनी पाण्यातून निघायचे. दोनदा भुंकली की डुकरांनी. आणि दोघांच्या मधल्या वेळात ससे, मोर, भेकरे, लहानसहान सगळ्यांनी पाणी प्यायचे. गव्यांचा मुखिया सुरुवातीला म्हणाला, “हे एवढंसं भेकर आम्हाला सांगणार?” म्हातारीने त्याच्याकडे नुसते पाहिले. तो तिचाच मुलगा होता. तो निघाला.

वर्षभर डोहावर कोणी मेले नाही. सोनकीला नवे पाडस झाले. ते पाणी पिताना फार रेंगाळे. सोनकी काठावर उभी राहून त्याच्याकडे पाही आणि दोन्ही वाटांकडेही पाही. तिला आयुष्यात आता एवढेच करायचे होते.

अशात जंगलांच्या महासंघाकडून वाघाला पत्र आले. वाघ तिथला राजा होता. पत्रात लिहिले होते: शांतता आणि सुरक्षा या कामांत आपल्या जंगलातील स्त्रियांचा सहभाग किती वाढला, ते मोजून कळवावे. त्यांना नुसते बसवू नये. प्रत्यक्ष कामही त्यांच्याच हाती द्यावे.

पत्र चांगले होते, मुलांनो. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते.

वाघाने कारकुनाला बोलावले. कारकून साळिंदर होता. लेखण्या त्याच्या पाठीवरच उगवत, त्यामुळे ही नोकरी त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होती.

“आपल्या शांतता समितीत कोण कोण आहे?” वाघाने विचारले.

“आपण, गव्यांचे मुखिया आणि डुकरांचे मुखिया, सरकार.”

“ही समिती करते काय?”

“बसते, सरकार.”

“मग त्यात स्त्रिया घाला आणि मोजा.”

साळिंदर विचारात पडला. स्त्री कशी ओळखायची? जवळ जाऊन बघणे त्याच्या सभ्यतेत बसेना. मग त्याला शाळेतली युक्ती आठवली. शब्दाच्या आधी तो, ती, ते लावून बघायचे. जे कानाला बरे वाटेल ते लिंग. त्याने पाठीवरचा एक काटा उपसला, तीन रकाने आखले आणि कामाला लागला.

ती घोरपड. ती घार. ती खार. ती घूस. चौघांना बोलावणे गेले.

घोरपडीच्या घरातून दगडोबा आला. चांगला दांडगा नर होता.

“साळिंदरभाऊ, काहीतरी गफलत झाली असेल,” तो म्हणाला. “मी पुरुष आहे. बायकांचं काम असेल तर आमच्या हिला पाठवतो. ती हुशार पण आहे.”

“तुमची ही कोण?”

“घोरपडच.”

“मग दोन दोन घोरपडी कशाला? तुम्ही आलाच आहात, तर बसा.”

दगडोबा बसला. घार, खार आणि घूस यांच्याकडूनही घरातले कर्ते पुरुषच आले, कारण बोलावणे राजाचे होते आणि अशा ठिकाणी बायकांना पाठवणे बरे दिसत नाही.

सोनकी हे सगळे लांबून पाहत होती. गव्यांच्या म्हातारीने तिला ढोसले. “अगं, जा की! पाळी तू लावलीस. तुझं नाव नको?”

सोनकीला नावाची हौस नव्हती. पण प्रत्यक्ष काम समितीकडे जाणार असे तिने ऐकले होते. तिचे पाडस रोज त्याच डोहावर पाणी पीत होते. ती गेली.

“या, सोनकीबाई,” साळिंदर अदबीने म्हणाला.

“माझं नाव लिहा.”

“कसं लिहू? ते भेकर.”

“मी आई आहे.”

“असाल. पण तो भेकर म्हणून बघा, चुकतं. ती भेकर, तेही चुकतं. ते भेकर. कानाला कसं बरं वाटतं!”

“मग मला बाई कशाला म्हणता?”

“ते आदरानं.”

“माझ्या पाडसाला विचारा मी कोण ते.”

“पाडसही तेच,” साळिंदर हळहळला. “बाई, माझा तुमच्यावर राग नाही. रानडुक्करही तेच निघालं. मी स्वतः ते आहे. पण महासंघानं विचारलंय फक्त ‘ती’बद्दल. बाकीच्या रकान्यांत लिहिलेलं तिकडे कोणी वाचत नाही.”

सोनकी परत आली.

संध्याकाळी साळिंदराने वाघाला आकडा सांगितला. “सातात चार, सरकार.”

“शेजारच्या जंगलात किती?”

“सातात पाच, असं ऐकतो.”

वाघाची शेपटी हलली. साळिंदराने घाईने काटा उचलला. “समिती पण ती, सरकार. बैठक ती. शांतता ती. सुरक्षा ती. म्हणजे सातात आठ.”

“सातात आठ कसे होतील?”

“ही तर प्रगती, सरकार.”

“प्रगती पण तीच ना?”

“हो की! नऊ.”

वाघ खूश झाला. त्याने लगेच हुकूम काढला की डोहावरच्या पाळीचा इशारा यापुढे समितीच्या स्त्री सदस्यांनीच द्यावा. इतर कोणी दिल्यास तो कोणी मानू नये. गव्यांच्या आणि डुकरांच्या मुखियांनी त्यावर आपापला खूर उमटवला.

पहिली पाळी दगडोबाची होती.

सोनकीने त्याला वाटेत गाठले. “दगडोबाभाऊ, तुम्ही ओरडू शकता का?”

“नाही,” दगडोबा प्रामाणिकपणे म्हणाला. “मला फिस्स करता येतं.”

“मग सांगा ना समितीला.”

“सांगितलं. ते म्हणाले, तुमचा आवाज दबलेला आहे म्हणूनच तुम्हाला संधी दिली आहे.”

दुपारी ऊन तापले. गवे पाण्यात होते. त्यांनी निघायची वेळ झाली तेव्हा दगडोबा दगडावर चढला आणि त्याने जीव तोडून फिस्स केले. ते त्याच्या शेपटीलाही ऐकू गेले नसेल. गवे निघाले नाहीत. थोड्या वेळाने डुकरांची झुंड उतरणीला लागली. गव्यांनी शिंगे रोखली. मधे, उथळ पाण्यात, सोनकीचे पाडस जीभ बाहेर काढून आपलेच तोंड पाण्यात पाहत होते.

सोनकी भुंकली. एकदा.

हुकुमावर खूर उमटवलेला गव्यांचा मुखिया पाण्यात पुढे झेपावला होता. पण त्याच्या पायांनी हुकूम वाचलेला नव्हता. ते थांबले. मागे वळले. सगळे गवे निघाले. डुकरे अर्ध्या उतारावर थबकली. पाडस नाक फुरफुरत काठावर आले आणि आईच्या पोटाखाली शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी झाली.

“भुंकलं कोण?” वाघाने विचारले.

“मी.”

“अधिकार होता?”

“पाडस पाण्यात होतं.”

“आमचा पाडसावर आक्षेप नाही,” वाघ समजुतीने म्हणाला. “पण तू भुंकलीस, त्यामुळे एका स्त्री सदस्याची संधी हिरावली गेली. असं चाललं तर आपल्या जंगलात बायका पुढे येणार कशा?”

दगडोबा खाली मान घालून बसला होता. “सरकार, ती बरोबर होती,” असे तो म्हणाला, पण फिस्स एवढेच ऐकू आले.

हुकूम झाला. उन्हाळा संपेपर्यंत सोनकीने डोहापासून आवाज पोहोचणार नाही इतके लांब राहावे.

साळिंदराने हुकूम लिहून घेतला. लिहिताना त्याचा काटा दोनदा मोडला. “बाई, माझ्या हातात काही असतं तर,” तो पुटपुटला.

सोनकीने त्याच्या हाताकडे पाहिले.

ती पाडसाला घेऊन डोंगराची वाट चढू लागली. पलीकडे पाणी होते की नाही ते तिला ठाऊक नव्हते. पाडस दर चार पावलांवर थांबून मागे बघे. गव्यांची म्हातारी माळाच्या कडेपर्यंत त्यांच्याबरोबर गेली.

“उद्या आमच्या पोरांना हाक कोण मारणार गं?”

“तुम्ही त्यांना आज रात्रीच पाणी पाजून ठेवा, काकू,” सोनकी म्हणाली. “आणि दुपारी जवळ घेऊन बसा. तहान लागली म्हणाली तरी सोडू नका.”

दुसऱ्या दिवशी दुपारी डोहावर काय झाले ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

अहवाल मात्र वेळेवर गेला. सातात नऊ, डोहावरचा इशाराही स्त्रीच्याच हाती, त्याखाली वाघाची सही. महासंघाने अभिनंदनाचे पत्र पाठवले आणि एक विनंती केली. डोहावरच्या त्या कर्तबगार स्त्रीला इतर जंगलांत व्याख्यानासाठी पाठवावे.

दगडोबाला पाठवले.

तात्पर्य: शांतता राखणारी मोजता येत नसेल, तर जो मोजता येतो त्याला शांतता राखू द्यावी. थोडेफार नुकसान झाले तरी घाबरू नये. नुकसान नपुंसकलिंगी असते. ते अहवालात धरत नाहीत.