रिकामे कंस

तहसील कचेरीतल्या संगणकावर देवाजीबाबूंचा पहिल्या दिवसापासून संशय होता. बाबूंचा जन्म अठ्ठावन्न सालचा. संशय बहुधा त्यांच्याही आधीचा असावा. ते चहासुद्धा पिण्याआधी वास घेत.

संगणकावर दाखले छापण्याचं काम खुर्शीदा करी. ती चंद्रपूरला लग्नाला गेली आणि जाताना सांगून गेली, "बाबूजी, काळ्या पडद्यावर 'पायथन' लिवा, त्याच ओळीत पुढे 'दाखला' लिवा, मंगच एंटर दाबा."

एका दमात दोन कामं करणं हे बाबूंच्या सेवानियमांत बसत नव्हतं. त्यांनी 'पायथन' लिहिलं आणि एंटर दाबलं. दाखल्याऐवजी नुसतं पायथनच उघडलं; पडद्यावर तीन बाण उगवले आणि पुढच्या हुकमाची वाट बघत लुकलुकत थांबले.

"हे कोनावर रोखले?" बाबू खुर्ची मागे सरकवत म्हणाले.

बाकावर लटारू बसला होता. पोरगी कमळा वनरक्षकाच्या भरतीला उभी होती, उद्या शेवटची तारीख आणि रहिवासी दाखला नव्हता. अर्जावर सरपंचाची सही नाही म्हणून बाबूंनी सकाळीच तो परत केला होता. सरपंच मार्कंड्याच्या जत्रेत. म्हणून लटारू बाकावरून हलत नव्हता.

बाबूंनी बाणांपुढे 'दाखला' लिहिलं. यंत्राने कळवलं, असं नाव आपल्या माहितीत नाही. बाबूंनी चिडून स्वतःचं नाव लिहिलं. तेही माहितीत नव्हतं.

"अख्खा तालुका मले ओळखते, अन् हा लेकाचा नाई!"

"नवीन असन, बाबू," लटारू समजुतीने म्हणाला.

कचेरी सुटत आली. लटारूची शेवटची बस चौकात हॉर्न देऊ लागली. बाबूंनी 'एक्झिट' लिहिलं. यंत्राने इंग्रजीत उत्तर दिलं. बाबूंनी बोट ठेवून अर्थ लावला : बाहेर पडायचं असल्यास एक्झिट लिहून पुढे कंस करावेत.

"म्हंजे तुमाले जायचं हाय, हे त्याले समजलं?" लटारूने विचारलं.

"समजलं."

"मंग सोडून काऊन नाई राह्यला?"

"रीतसर पायजे ना, लटारू! समजलं म्हून काय झालं?"

"हौ," लटारू म्हणाला. "सकाळी मले बी तुमी असंच सांगतलं."

बाबूंनी त्याच्याकडे बघितलं, मग यंत्राकडे बघितलं. कोण कोणाला फूस लावतंय याचा अंदाज येईना. शेवटी त्यांनी कंस केले. बाण मुकाट्याने गेले.

"कंसात काय लिवलं, बाबू?"

"काई नाई. रिकामेच."

"रिकामे चालते?"

"चालते."

लटारू उठला. बाबूंचा पेन उचलून त्याने अर्जावर सरपंचाच्या सहीच्या जागी दोन कंस काढले, आत काहीही न लिहिता. "घ्या. आता तरी सोडा."

बाबूंनी अर्ज उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. यंत्र नवीन होतं, सरकारने दिलेलं होतं. त्याने जे चालवलं ते आपण अडवलं तर उद्या चौकशी कोणाची? यावेळी त्यांनी दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहिले. यंत्राने विचारलेली नावं भरली. दाखला खरखरत बाहेर आला. बाबूंनी शिक्का मारला, आणि लटारू पायताणं हातात घेऊन बसच्या दिशेने पळाला.

खुर्शीदा लग्नाहून परतली तेव्हा खिडकीशी शकुबाई उभी होती. तिच्या अर्जावर सरपंचाची सही होती, पोलीस पाटलाची होती, तलाठ्याचा शिक्कासुद्धा होता. बाबूंनी अर्ज दोनदा वाचला, वास घेतला आणि परत सरकवला.

"बाई, सगळं बराबर हाय. पन कंस कुठी हायेत? उद्या या."