सिरसाळ्याचा लाल की पालीचा लाल

ट्रॅक्टर घ्यायचा, हे आमच्या घरात मी ठरवलं. (हे वाक्य मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतोय, कारण यापुढं मी ठरवलेलं काही तुम्हाला सापडणार नाही.)

मी राधाकिशन, मुक्काम घाटनांदूर. अंबाजोगाईच्या एका शाळेत कारकून आहे. शेतीही आहे. ती माझ्या नावावर आहे आणि धनश्रीच्या ताब्यात आहे. धनश्री म्हणजे आमची मंडळी. मी सकाळी डबा घेऊन एसटीनं जातो, संध्याकाळी येतो, आणि दिवसभरात शेतात काय झालं ते मला जेवताना कळतं.

गेल्या वर्षी पेरणीला भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं "आज येतो, उद्या येतो" करत चांगला वाफसा घालवला. शेजाऱ्यांचं सोयाबीन वर आलं तरी आमचं बी पोत्यातच. धनश्री मला एका शब्दानं बोलली नाही. नुसती ताटात भाकरी जरा वरून टाकायची. यंदा उन्हाळा लागला आणि भाकरी पुन्हा तशीच पडायला लागली, तेव्हा मी घाबरून म्हणालो, "आपण आपला ट्रॅक्टर घेऊ. जुना का असंना, पण घेऊ."

त्यावर धनश्रीनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं अंतरपाट बाजूला झाल्यावरही बघितलं नव्हतं.

आता जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हटल्यावर पाहुण्यारावळ्यांत बातमी जायला किती वेळ लागतो? दोन दिवसांत दोन फोन आले. पहिला सिरसाळ्याहून, धनश्रीच्या मामांचा, म्हणजे आप्पारावांचा. दुसरा बीडजवळच्या पालीहून, माझे दाजी अंगदराव यांचा. दोघांनाही ट्रॅक्टर काढायचा होता. आणि गंमत बघा, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच ताकदीचे, एकाच सालचे, रंगानंही लालच. फरक एवढाच, की एक बायकोच्या माहेरचा आणि एक बहिणीच्या सासरचा. ट्रॅक्टरच्या व्यवहारात एवढा फरक पुष्कळ झाला.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला. धूर कसा ओळखावा, ऑईल कसं बघावं, लिफ्ट वजन धरते का, सगळं. एका व्हिडिओतला माणूस बजावून सांगत होता, "गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, मालकानं तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलंय. गार इंजिन चालू होतं का, ते बघा."

सिरसाळ्याला गेलो. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवला. चर्रकन चटका बसला.

"मामा, गरम आहे हो हे!"

"ऊन किती हाय बघा की जावई," मामा म्हणाले. "लोखंड हाय ते. तापणारच."

मी वर बघितलं. ट्रॅक्टर लिंबाच्या गर्द सावलीत उभा होता. "हो ना," मी म्हणालो, "यंदा ऊन लईच."

मामांनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. मग मामींनी पुरणपोळ्या वाढल्या. माणूस तीन पोळ्या खाऊन लिफ्ट तपासू शकत नाही. निघताना मामांनी विचारलं, "मग? पसंत?" मी म्हणालो, "मामा, घरचंच आहे. ठरल्यासारखंच धरा." (पोळी अजून तोंडात होती हो!)

पुढच्या रविवारी पालीला. दाजींचा ट्रॅक्टर घराच्या मागं चढाच्या टोकावर उभा होता, तोंड उताराकडं. खाली दूरवर धरणाचं पाणी चमकत होतं.

"वा दाजी," मी म्हणालो, "काय जागा काढलीत! इथं चिखल म्हणून होणार नाही."

"तर!" दाजी म्हणाले. "मी कायम हितंच लावतो."

त्यांनी ब्रेक सोडला. ट्रॅक्टर उतारावरनं घरंगळला, मध्येच एक गचका बसला आणि धडधडत सुरू झाला. मला वाटलं, ही त्यांची ऐट आहे. तरणीताठी पोरं नाही का मोटारसायकल पळवत पळवत चालू करत! आक्कानं कोंबडी केली होती. निघताना दाजी म्हणाले, "मग काय पाव्हणं?" मी म्हणालो, "आता तुम्हाला सोडून कुणाकडं जाणार?"

घरी आल्यावर धनश्री म्हणाली, "हे बघा, मामाचा हाय म्हणून घेऊ नका. मशीन बघून घ्या."

आता मी इतक्या वर्षांचा संसारी माणूस. बायको "मला साडी नको" म्हणाली तेव्हा मी खरंच आणली नव्हती, त्याची फळं मी भोगलेली आहेत. तेव्हा "घेऊ नका" याचा अर्थ मला बरोबर कळला.

जरा वेळानं आई, म्हणजे भिवराबाई, मला गोठ्याकडं बोलावून हळूच म्हणाली, "लेकीच्या घरचा हाय म्हणून भरीला पडू नगंस बाबा. माझं काय न्हाई."

ती माझी आईच. तिचं "माझं काय न्हाई" मी लहानपणापासून ऐकतोय. त्याचाही अर्थ मला बरोबर कळला.

झालं. म्हणजे मामांचा घेतला तर आई रुसणार, दाजींचा घेतला तर भाकरी वरून पडणार. यावर मी मोठ्या विचारानं एक मार्ग काढला. गप्प बसलो.

त्या गप्प बसण्याचं फळ पुढच्या रविवारी सकाळी दारात आलं. आधी मामांचा ट्रॅक्टर आला. त्यांनी तो घराच्या पायरीजवळ लावला. "म्हटलं, जावयाला कावून हेलपाटा? सोताच घेऊन आलो." त्यांचा चहा संपतोय तोवर गल्लीत दुसरी धडधड ऐकू आली आणि दाजी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला येऊन थांबले. मधल्या सगळ्या जागेत धनश्रीनं आणि आईनं जुन्या साड्या अंथरून कुरडया वाळत घातलेल्या. अख्ख्या वर्षाच्या.

मामांनी दाजींच्या ट्रॅक्टरकडं बघितलं. दाजींनी मामांच्या. मग दोघांनी मिळून माझ्याकडं.

"ह्यो कुणाचा?" मामांनी विचारलं.

"ह्यो... ह्यो पण घरचाच," मी म्हणालो.

दाजी खाली उतरले, पण ट्रॅक्टर बंद करेनात. मी म्हणालो, "दाजी, बंद करा की."

"ऱ्हाऊ द्या. आवाज लई गोड हाय त्याचा. ऐकत बसू."

अंगणात कुठं चढ नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मग जे सुरू झालं ते माझ्या समजुतीच्या बाहेरचं होतं. आई मामांच्या ट्रॅक्टरवरनं हात फिरवत म्हणाली, "आप्पाराव, काय देखणी वस्तू ठिवलीय हो तुमी! आमाला हाच पायजे." आणि धनश्री दाजींना म्हणाली, "भाऊजी, तुमचा कसा दणकट दिसतो! घरात येईल तर असा यावा."

मी चकित झालो. माझ्या घरातल्या बायका एकमेकींच्या पाहुण्यांची एवढी कदर करतात? माझे डोळे भरून आले. (खरी गोष्ट मला नंतर समजली. मामा ट्रॅक्टर कसा हाणतात हे धनश्रीला लहानपणापासून ठाऊक होतं आणि दाजींनी कसा हाणलाय हे आईला लेकीकडून कळत होतं. पण माहेराला नाव ठेवणार कोण, आणि जावयाला बोलणार कोण? म्हणून दोघीही दुसऱ्याचा माल पदरात घ्यायला निघाल्या होत्या.)

आता मी काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "थांबा. मी दोन्ही चालवून बघतो. मग ठरवू."

धनश्री म्हणाली, "तुमी? कावून?"

त्या "कावून"नं, म्हणजे "तुम्ही कशाला?"नं, माझा घात केला. मामा आणि दाजी, दोघांच्या देखत! मी तडक मामांच्या ट्रॅक्टरवर चढलो. क्लच दाबला, किल्ली फिरवली, सुरू झाला. गियर पुढचा टाकला. निदान मला तरी तो पुढचा वाटला.

क्लच सोडला आणि ट्रॅक्टर मागं निघाला.

"ब्रेक! ब्रेक!" मामा ओरडले. मी ब्रेक समजून जे दाबलं त्यानं वेग वाढला. मागची मोठी चाकं कुरडयांवरनं गेली. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. एखाद्या आडदांड माणसानं एकाच वेळी सगळ्या गावाचा पापड खावा तसा. आणि मग धाडकन दाजींच्या ट्रॅक्टरवर. दाजींचा समोरचा दिवा फुटला आणि तो गोड आवाज बंद पडला. मामांचं मडगार्ड वाकून चाकावर बसलं.

चाकाला एक साडी गुंडाळलेली, साडीला कुरडया चिकटलेल्या.

आई म्हणाली, "उतर खाली."

मी उतरलो. आईनं मला त्याच सुरात खाली उतरवलं, ज्या सुरात ती मला चिंचेच्या झाडावरनं उतरवायची.

मडगार्ड सरळ केल्याशिवाय मामांचा ट्रॅक्टर हलेना, आणि दाजींचा काही केल्या सुरू होईना. गावातला वेल्डिंगवाला लग्नाला गेलेला. दोघा पाहुण्यांना मुक्काम करणं भाग पडलं. धनश्रीनं आमरस केला. मला वाटीभरच दिला.

सकाळी वेल्डिंगवाल्यानं येऊन मडगार्ड ठोकून सरळ केलं. मामांनी ऐटीत किल्ली फिरवली. ट्रॅक्टर नुसता कण्हला. पुन्हा फिरवली. पांढरा धूर आला, ट्रॅक्टर नाही आला.

"जरा गारठलाय," मामा म्हणाले.

मे महिना चालू होता. वेल्डिंगवाला तोंड फिरवून हसला.

"ढकला की मग," दाजी म्हणाले, "माझा कायम असाच सुरू—" आणि गप्प झाले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

मग सगळी गल्ली जमली. आधी दाजींचा ढकलला. मामासुद्धा धोतराचा सोगा खोचून मागं लागले. दोन घरं ओलांडली नाहीत तोवर गचका बसला आणि ट्रॅक्टर सुरू झाला; दिवसभर बंद होईना असा. दोष सगळा बॅटरीचा होता. मग मामांचा. दाजींनी खांदा दिला, मी दिला, मारुतीच्या देवळापर्यंत ढकलत नेला. पांढरा धूर, खोकला, पुन्हा पांढरा धूर. देवळापासून वळवून परत आणला. त्या इंजिनातच जीव उरला नव्हता, हे आता माझ्याही लक्षात आलं.

कुठला घ्यायचा हे सगळ्यांना दिसत होतं. पण बोलणार कोण? मामा पायरीवर मान खाली घालून बसले होते. भाचीच्या दारात, सगळ्या गल्लीदेखत असं व्हावं! त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात धनश्री पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यापाशी जाऊन बसली.

"मामा," ती म्हणाली, "तुमचा ट्रॅक्टर आमी घेत न्हाई. रागवू नका. काल बघितलं न्हवं तुमी? ह्यांच्या हाताखाली इतकी वर्सं जपलेली वस्तू द्यायची म्हंजे पाप हाय. काल ह्यांनीच काहीतरी मोडून ठेवलंय बघा त्याचं."

मामांची मान वर आली. माझ्याकडं त्यांनी नीट बघून घेतलं.

"खरं हाय पोरी," ते म्हणाले. "परवापत्तुर एका किल्लीत सुरू व्हायचा. ह्यांनी रिव्हर्स मारला अन् बसला."

"अहो, पण—" मी म्हणालो.

"गप बस," आई म्हणाली.

आता दाजींचं तोंड उतरलं. "म्हंजे माझा मोडला तरी चालंल म्हणून?"

"न्हाई हो भाऊजी," धनश्री म्हणाली. "ह्यांची धडक खाऊन पुन्यांदा उठून उभा ऱ्हायला तुमचा. आमच्या घरात ऱ्हायचं तर एवढी ताकद लागतीच."

दाजी हसले. मामा हसले. वेल्डिंगवाला तर खालीच बसला. मान सगळ्यांचा राहिला. माझा तेवढा मोकळा होता, तो सगळ्यांत वाटून टाकला.

दाजींचा ट्रॅक्टर आमच्याकडं राहिला. नवी बॅटरी बसवली, नवा दिवा बसवला. यंदाची पेरणी वेळेवर झाली. ट्रॅक्टर धनश्रीनंच चालवला. किल्ली तिच्या कमरेला असते. मला बांधावरनं बघायची परवानगी आहे.

परवा अंबाजोगाईच्या स्टँडवर चहा पीत बसलो होतो. शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ बसले. बोलता बोलता निघालं, त्यांनी सिरसाळ्याच्या आप्पारावांचा ट्रॅक्टर घेतलाय आणि इंजिनाचं काम करून घेतायत.

"चांगला होता हो," ते सांगू लागले. "पर त्येंच्या भाचीचा नवरा हाय घाटनांदूरला. त्यानं येका दिवसात इंजिनाचं वाटुळं केलं. घरावरनं घातला म्हंत्यात ट्रॅक्टर! तुमी कुठले?"

"मी... त्याच बाजूचा."

"मग वळखत असाल की त्याला?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

"बायको मातर लई हुशार हाय म्हंत्यात त्याची."

"ती आहे," मी पटकन बोलून गेलो.

त्यांनी बशी खाली ठेवून माझ्याकडं संशयानं बघितलं. "त्याला वळखत न्हाई, अन् बायकोला वळखता?"

चहा अर्धा टाकून मी उठलो.